नदीवर खापर न फोडणारा जमादार

रामटेके जमादारांचा पाय कधी एका जागी ठरला नाही. खुर्ची दिली तर पाठीवर हात ठेवून उभे राहत. खाट टाकली तर तिच्या कडेच्या लाकडाला गुडघा टेकवत. चहा उभ्यानेच पीत, तोही फुंकर न घालता. पन्नाशी ओलांडलेला, काळासावळा, खांद्यात थोडा वाकलेला माणूस. डोळे मात्र असे की आपण बोलत असताना आपल्या मागे कुणी उभं आहे की काय, असं वाटून वळून पाहावं.

मी तेव्हा तांबडघाटच्या उपकेंद्रात नर्स होते. मूळची नागभीडची. अहेरीहून बसने दीड तास, पुढे जंगलातून तीन किलोमीटर पायी, मग प्राणहितेच्या काठावर हे ढिवरांचं, मासेमाऱ्यांचं गाव. साठेक घरं, वीसबावीस डोंगे. पलीकडच्या काठावर तेलंगणा. उपकेंद्रामागच्या एका खोलीत मी एकटीच राहायची. गावात मला सगळे सिस्टरबाई म्हणत. कुणी रोहू माशाचा तुकडा आणून देई, कुणी सुकवलेल्या झिंग्यांची पुडी.

पोलीस मदत केंद्र आमच्या गावात नव्हतं, सहा किलोमीटरवर होतं. तिथले लोक आले की दहाबारा जण मिळून, बंदुका घेऊन येत आणि तासाभरात परतत. रामटेके एकटे येत. साध्या पँटशर्टात, पायात रबरी चपला, सायकल हातात धरून. आमच्या नक्षलग्रस्त भागात पोलिसाने असं फिरणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. त्यांचे साहेब त्यांच्यावर चिडत, हे त्यांनीच एकदा सांगितलं होतं. "साहेब म्हणते, रामटेके, तुम्हाले जीव नाई पाहिजे काय? म्या म्हटलं, साहेब, बंदूक पाहून लोक खरं बोलत नाईत. चपला पाहून बोलतेत."

त्यांची बोलण्याची एक तऱ्हा होती. समोरचा काहीही सांगत असो, ते मध्ये बोलत नसत. तो थांबला की एवढंच म्हणत, "आणि मंग?" पुन्हा थांबला की पुन्हा, "आणि मंग?" शेवटी माणूस स्वतःलाही ठाऊक नसलेलं सांगून मोकळा होई.

एकदा गावात एका घरची गाभण शेळी हरवली. घरच्यांनी शेजाऱ्यावर आळ घेतला, काठ्या निघाल्या. रामटेके आले आणि भांडणाऱ्यांकडे ढुंकूनही न पाहता त्या घरच्या सहा वर्षांच्या पोरीपुढे उकिडवे झाले. पोरगी सांगू लागली. शेळी सकाळी उठली. आणि मंग? पानं खाल्ली. आणि मंग? मी तिले हार घातला. आणि मंग? हार तिनं खाल्ला. असं अर्धा तास चाललं. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. शेवटी पोरीच्या तोंडून निघालं की शेळीला बाळ होणार म्हणून तिने तिला "दवाखान्यात" भरती केलं होतं. म्हणजे माझ्या उपकेंद्रामागच्या बंद न्हाणीत. शेळी तिथे होती आणि सोबत दोन पिल्लं. मी रात्रभर मांजर ओरडतंय समजून कूस बदलत होते! गाव महिनाभर मला हसलं. रामटेके तेवढे हसले नाहीत. त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि सायकल काढली.

त्यांचं हसू मी कधी पाहिलं नव्हतं. का, ते पुढे कळलं.

मार्चमध्ये बुधाजी गेला. नदी तेव्हा आटत आलेली असते, मध्ये वाळूचे पट्टे पडतात, पाणी डोहांमध्ये उरतं. बुधाजी पंचेचाळिशीचा, गावातला सगळ्यात तरबेज ढिवर. सकाळी डोहावर गेला तो आलाच नाही. दोन दिवसांनी खाली खडकांत त्याचा देह अडकलेला सापडला. दोन दिवस उन्हातल्या पाण्यात राहिलेल्या देहावरून डॉक्टर तरी काय सांगणार. बुडून मृत्यू, असं लिहून आलं. घरी बायको गिरजा, दोन मुली आणि धाकटा भाऊ पुंडलिक.

पंचनाम्याला रामटेके आले. गावाने एका सुरात सांगितलं, "नदीनं नेला."

"काऊन नेला?" रामटेक्यांनी विचारलं.

लोक गोंधळले. नदीने का न्यावं, हा काय प्रश्न झाला? रामाजी नावाचा म्हातारा ढिवर होता, तो म्हणाला, "अवो जमादार, नदी अस्ते. नेते कधी कधी."

"तिचं काय अडलं होतं?" रामटेके म्हणाले. "बाबा, नदी साक्ष देत नाई, म्हणून जो येते थो तिच्यावर खापर फोडते. मले तिचं नाव लिहाचं नाई."

ते बराच वेळ डोहाच्या काठाने फिरले. वाकून वाळूत काही उचलत, पाहत, टाकत. काय पाहिलं ते कुणाला सांगितलं नाही.

आठवड्याभरात कागद मिटायला हवे होते. पण ते पुन्हा आले. मग तिसऱ्या दिवशी आले. दर दोन दिवसांनी येऊ लागले. उन्हात सायकल ढकलत, शर्ट पाठीला चिकटलेला. एके दिवशी पाहते तर जमादार बनियनवर, गळ्यापर्यंत पाण्यात उभे, आणि रामाजी त्यांना पोहायला शिकवतोय. काठावर सगळं गाव जमलेलं.

"तुमी बुडान जमादार," रामाजी वैतागून म्हणाला. "दगडावानी हातपाय टाकून राह्यले."

"पोहाले नाई आलो बाबा. इथी पोहणारा कसा बुडते थे पाहाले आलो."

"थो नाई बुडत. बुधा या डोहात डोळे बांधून पोहे."

"आणि मंग?"

रामाजीने तोंडावरचं पाणी पुसलं. मग हळूच म्हणाला, "आणि... त्याचं जाळं कोरडं होतं गा. काठावर, घडी केलेलं. जाळं टाकल्याबिगर थो पाण्यात कशाले उतरला, थे मले समजून नाई राह्यलं."

काठावरचे लोक पांगू लागले. पुंडलिक सगळ्यात आधी गेला. मी ते पाहिलं. रामटेक्यांनीही पाहिलं असणार, पण ते नाकातोंडातलं पाणी काढत खोकत होते.

गावात मोबाईलला रेंज फक्त शाळेमागच्या टेकाडावर येई. जमादार आले की दुपारी एकच्या सुमारास टेकाड चढत. फोन कानाला लावत आणि तसेच उभे राहत. बोलताना क्वचितच दिसत. एकदा मी औषधांसाठी अहेरीला फोन लावायला गेले होते, तेव्हा त्यांचं बोलणं कानावर पडलं. "जेवली काय? ... नाई, थोडं तं खाय. ... हो. ... हो, मीबी खातो." मग पाचेक मिनिटं दोन्हीकडून नुसती शांतता. शेवटी "ठेवतो" म्हणून त्यांनी फोन बंद केला, आणि मी मागे आहे हे पाहून "जय भीम, बाई" म्हणाले. जणू नुकतेच भेटलो होतो.

मदत केंद्राची गाडी एकदा लस घेऊन आली, तेव्हा चालकाकडून कळलं. जमादारांचं घर वरोऱ्याला. एकुलता एक मुलगा अमोल, चंद्रपूरला नोकरीला होता. मोटारसायकलने घरी येताना मागून ट्रकने उडवलं. ट्रक थांबला नाही. अमोल किती वेळ रस्त्यावर पडून होता, कुणी त्याला पाणी पाजलं का, काहीच कळलं नाही. कागदावर 'अज्ञात वाहन' एवढंच लागलं. जमादारांनी सहा महिने सुट्टी काढून गॅरेजं पालथी घातली, नाक्यानाक्यावर विचारलं. ट्रक सापडला नाही. मग त्यांनी स्वतः अर्ज करून इकडची बदली मागून घेतली.

"इथी कोणी बदली मागते काय बाई?" चालक म्हणाला. "ह्या माणसाले घरी थांबवत नाई आणि घर सोडवत नाई. काकू तिकडं, हे इकडं. दोघंबी जागेच."

त्यानंतर जमादार उपकेंद्रात रक्तदाब मोजायला आले. मी पट्टा गुंडाळत असताना त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "बाई, बुधाजी गेला त्या दिवशी भाजलेलं कोणी आलं होतं काय तुमच्याकडं?"

माझा हात थांबला. "भाजलेलं? का?"

"डोहाच्या काठावर बोटाएवढ्या मासोळ्या मरून पडल्या होत्या. खेकडे होते. बेडूक होते. सगळं एकाच जागी, वाळूत सुकलेलं. जाळ्यानं बेडूक मरत नाई, बाई. करंटनं मरते." ते खिडकीबाहेर पाहत होते. "नदीकाठच्या मोटारपंपाच्या लाईनवर आकडा टाकते कोणी, आणि तार पाण्यात सोडते. मंग नुसती मासोळी गोळा कराची."

मला आठवलं. लख्ख आठवलं. त्याच दिवशी दुपारी पुंडलिक आला होता. उजव्या हाताची दोन बोटं भाजलेली. लहानशी, खोल, पांढरट कडांची जखम. चुलीतलं लाकूड लागलं म्हणाला होता. मी पंधरा वर्षं जखमा बांधतेय, चुलीचं भाजणं मला ओळखू येतं. हे तसं नव्हतं. मी मलम लावलं, पट्टी बांधली आणि काही विचारलं नाही.

"आठवत नाही," मी म्हणाले.

त्यांनी "आणि मंग?" म्हटलं नाही. बाही खाली केली, गुंड्या लावल्या आणि निघून गेले.

मी का खोटं बोलले? पुंडलिकचं घर माझ्या खोलीला लागून. माझी घागर तो भरून द्यायचा. साप निघाला तेव्हा मी त्यालाच हाक मारली होती. एकट्या बाईला अशा गावात राहायचं तर शेजार लागतो. आणि वाटलं, मेलेला काही परत येणार नाही. या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही, पण सकाळी उठून मी नेहमीसारखी कामाला लागले. माणूस लागतो कामाला.

पण गावाला कारण हवं होतं. जमादार फेऱ्या मारताहेत, म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे, हे सगळ्यांच्या मनात बसलं होतं. आणि कारण शोधलं की ते सोनाबाईच्या दारात जाऊन पोचलं. सोनाबाई सत्तरीची विधवा. मूलबाळ नाही, तोंड मात्र तिखट. बुधाजीच्या कुत्र्याने तिची कोंबडी मारली तेव्हा ती भर रस्त्यात म्हणाली होती, "तुह्या घरी चूल नाई पेटन." त्याला दोन महिने झाले होते. आता ते सगळ्यांना आठवलं. कुणीतरी दुसऱ्या गावच्या देवऋष्याकडे जाऊन आलं. त्याने तांदूळ टाकले आणि "घराच्या उगवतीला राहणारी बाई" असं सांगितलं. सोनाबाईचं घर उगवतीला होतं. उगवतीला अजून अकरा घरं होती, पण त्यांत भरलेली कुटुंबं होती.

करणीच्या नावाने म्हाताऱ्या बायांचं काय होतं, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही.

एका सकाळी समाजमंदिरापुढे बैठक भरली. सोनाबाईला घरातून ओढत आणलं. तिच्या लुगड्याचा पदर धुळीत लोळत होता. सगळ्यात मोठा आवाज पुंडलिकचा. "हिनंच खाल्लं माह्या भावाले! हिले गावात ठेवाचं नाई!" त्याच्या त्या दोन बोटांवर नवी, गुलाबी कातडी आलेली मला लांबून दिसली.

मी टेकाडाकडे धावले. चढताना एक चप्पल सुटली, तशीच चढले. रामटेक्यांना फोन लागला. मी एवढंच म्हणाले, "भाऊ, लवकर या. सोनाबाईला मारतील."

सहा किलोमीटर त्यांनी सायकल कशी आणली कोण जाणे. आले तेव्हा तोंडाला फेस आल्यासारखे दिसत होते. मला वाटलं, आता ओरडतील, कुणाला तरी धरतील. त्यांनी सायकल झाडाला टेकवली, गर्दीतून वाट काढत गेले आणि सोनाबाईच्या शेजारी धुळीत मांडी घालून बसले.

"सोनाबाई, चहा होईल काय?"

म्हातारी त्यांच्याकडे बघतच राहिली.

"हिच्या हातचं खाल्लं का माणूस मरते म्हणता ना?" ते गर्दीला म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मंग पाहून घ्या. चहा पितो, जेवतो, सांज होयेपर्यंत इथीच बसतो. मेलो तं हिले फाशी द्या. नाई मेलो तं मले कोणीतरी खरं सांगा."

सोनाबाई उठली. घरात गेली, गूळ घालून काळा चहा करून आणला. त्यांनी तो सगळ्यांसमोर प्याला. मग तिच्या हातचा भात आणि आंबट वरण खाल्लं. दुपारचं ऊन डोक्यावर आलं. लोक एकेक करून सावलीला सरकले, मग घरी गेले. माणूस मरतो का हे पाहायला फार वेळ थांबायचं, तर तेही कंटाळवाणं होतं. रामटेके बसून राहिले. जबडा आवळलेला, मुठी मांडीवर. हेच ते त्यांचं बसणं, जे मी एकदाच पाहिलं.

उन्हं कलताना मी त्यांच्याजवळ गेले. "भाऊ, त्या दिवशी पुंडलिक आला होता. हात भाजला होता. मी खोटं बोलले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तीन आठवडे लागले तुम्हाले," ते म्हणाले. "पण सांगतलं ना बाई. मी तं अजून वाटच पाहून राह्यलो, कोणीतरी येऊन सांगन म्हणून." आणि मग मला उमगलं की ते बुधाजीबद्दल बोलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पुंडलिकला डोहावर बोलावलं. मलाही, हात पाहायला म्हणून. मी जखम पाहिली आणि होकारार्थी मान हलवली. पुंडलिकने हात मागे घेतला. तिशीचा धिप्पाड पोरगा, पण त्या क्षणी शाळेत उभा केल्यासारखा दिसत होता.

रामटेक्यांनी त्याला धमकी दिली नाही. ते डोहाकडे पाहत म्हणाले, "मले एक पोरगा होता. अमोल. ट्रकनं उडवला. ट्रकवाला पळून गेला. पहिले मले वाटे, थो भेटला का त्याचा गळा दाबतो. मंग वाटे, जेलात टाकतो. आता लय दिवस झाले. आता काई नाई पाहिजे. फक्त त्यानं यावं आणि सांगावं. पोरगं जिवंत होतं काय? काई बोललं काय? पाणी मांगे काय? अमोलची माय मले रोज इचारते. माह्यापाशी उत्तर नाई." त्यांनी चपलेने वाळू उकरली. "तुही वहिनीबी इचारत असन. पुंडलिक, थ्या दिवशी इथी कोण होतं, थे ठाऊक असणारा एकच माणूस हाये."

पाण्यावरून एक खंड्या गेला. मग पुंडलिक खाली बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरून ओरडल्यासारखा रडू लागला.

"म्या मारलं नाई जी! म्या मारलं नाई!"

"ठाऊक हाये," रामटेके म्हणाले. "आणि मंग?"

त्याने सांगितलं. लग्नाचा हंगाम, मासोळीला मागणी होती. दादा करंटच्या विरुद्ध, म्हणून चोरून तार टाकली होती. मासे वर आले. तेवढ्यात दादा जाळं घेऊन आला. पाहिलं आणि संतापला. जाळं घडी करून ठेवलं अन् पाण्याकडे निघाला. पुंडलिक ओरडला, "थांब, आकडा काढतो!" आकडा काढायला तो खांबाकडे धावला. दादा थांबला नाही. पाण्यात पाऊल टाकलं आणि तसाच पडला. ते पाहून पुंडलिक अर्ध्या वाटेतून परतला, तार बाहेर ओढायला धरली, ती अजून जिवंत होती, तो फेकला गेला. मग उठून आकडा काढून येईपर्यंत देह खोल पाण्यात गेला होता. तार गुंडाळून त्याने जंगलात फेकली. आणि घरी गेला.

"हे तू मले सांगतलं," रामटेके म्हणाले. "आता जीले सांगाचं तीले सांग. मंग आपण जाऊ."

गिरजा अंगणात तांदूळ निवडत होती. पुंडलिक तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. आम्ही कुडापाशी थांबलो. तो बोलला ते सगळं आम्हाला ऐकू आलं नाही. गिरजाचा सुपावरचा हात थांबलेला मात्र दिसला. ती रडली नाही, तिने त्याला मारलं नाही. तिने एकच विचारलं, आणि तेवढं स्पष्ट ऐकू आलं.

"थे काई बोलले काय?"

पुंडलिकने वर पाहिलं. "बोलला. पाण्याकडं पाहून बोलला. 'अरे पुंडल्या, हे तं अंगठ्याएवढे हायेत रे. काई जित्ते असतीन, वाहत्या पाण्यात सोडतो,' म्हणला. त्यासाठीच उतरला, वहिनी. लहान मासोळ्या उचलाले."

गिरजाने डोळे मिटले. "असेच होते थे," ती म्हणाली. मग सूप बाजूला ठेवून घरात गेली आणि दार लोटून घेतलं. आतून आलेला तो आवाज मी अजून विसरले नाही. महिनाभर कोंडलेलं काहीतरी सुटल्याचा.

मी रामटेक्यांकडे पाहिलं. ते कुडाला पाठ लावून उभे होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. पुसत नव्हते. कदाचित कळतही नसावं.

पुंडलिकला नेलं. निष्काळजीपणाने मरणास कारण झाल्याचं कलम लागलं. गावाने जमादारांचे आभार मानले असतील असं कुणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. "मेला थो मेला, जित्ताही नेला," असं लोक म्हणू लागले. डोंगे समोरून जात तेव्हा जमादारांकडे कुणी पाहत नसे. गिरजाने तर तोंडावर विचारलं, "भाऊ, तुमी खरं काढलं, बरं केलं. पण आता माह्या घरचा डोंगा कोण चालवन?" ते मान खाली घालून उभे राहिले. नंतर गिरजानेच डोंगा चालवायला घेतला. पहिल्या दिवशी रामाजी तिच्यासोबत बसला, बायका काठावर कुजबुजत राहिल्या आणि दहा दिवसांत कुजबुज थांबली.

सोनाबाईची माफी कुणी मागितली नाही. पण एका सकाळी तीच रस्त्याच्या मधोमध उभी राहून ओरडली, "मले करणी येत असती तं पहिले तुम्हा सगळ्याईले कोंबडे केलं असतं रे! निदान माह्या कोंबडीचा तोटा तं भरला असता!" रामाजी खो खो हसला, मग दोघंतिघं हसले. त्या हसण्याने तिचं गावात राहणं पक्कं झालं, माफीने झालं असतं त्याहून जास्त.

पावसाळ्याआधी रामटेक्यांची बदली झाली. निरोप वगैरे काही नाही. मदत केंद्राची गाडी आली तेव्हा चालकाने सांगितलं की ते गेले. मीही वर्षभराने नागभीडकडे आले.

मग चारपाच वर्षं गेली. एका प्रशिक्षणासाठी मी नागपूरहून चंद्रपूरला जाणाऱ्या बसमध्ये होते. वरोरा सोडल्यावर भर दुपारी बस एका ढाब्यापुढे थांबली. बाहेर दहापंधरा ट्रक उभे होते, डांबरावर ऊन नुसतं थरथरत होतं. मी खिडकीशी बसून होते आणि ते दिसले. डोक्याचे केस पांढरे झालेले, खांदा आणखी वाकलेला, हातात पाण्याचा प्लास्टिकचा जग. एका ट्रकच्या केबिनमधून उतरलेल्या, डोळे तारवटलेल्या ड्रायव्हरच्या ओंजळीत ते पाणी ओतत होते. ड्रायव्हर तोंडावर पाणी मारत होता आणि ते त्याला हिंदीत दटावत होते, "और मारो. आंख में मारो. घंटाभर सोके जाना."

"ओळखीचे हायेत काय, बाई?" कंडक्टरने विचारलं. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "हा बुढा रोजच अस्ते इथी. पोलिसात होता म्हणते. ट्रकवाल्याईले उठवते, तोंड धुवाले लावते, चहा पाजते. झोप झाली नसन तं किल्ली काढून घेते. पहिले भांडत थे लोक. आता काकाजी म्हणतेत."

"काऊन करतात?" माझ्याही तोंडून तसंच निघालं.

"कोण जाणे." त्याने घंटीची दोरी ओढली.

उतरावं असं फार वाटलं. मी उठून उभीही राहिले. पण काय म्हणणार होते? बस हलली आणि मी खिडकीचा गज धरून पाहत राहिले. रस्त्यावरून एक नवा ट्रक वळून ढाब्याच्या आवारात येत होता. रामटेके जग घेऊन त्याच्याकडे निघाले. दाराशी जाण्याआधी ते पुढे थांबले, वाकले, ट्रकच्या बंपरवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तळहात फिरवला. क्षणभर तसेच राहिले. मग सरळ झाले आणि बाजूला जाऊन केबिनचं दार ठोठावलं.